माइनक्राफ्टमधलं घर रात्री का टिकत नाही: पहिल्या निवाऱ्याचा पूर्ण हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) व्हिडिओ गेममध्ये सर्व्हायव्हल प्रकारात, म्हणजे राक्षसांपासून जीव वाचवत खेळताना, दगडी भिंतींचं, दार असलेलं घर बांधलं. तरी खाणीतून परत यावं तर आत झोंबी उभा. सकाळी दार उघडलं की क्रीपर (जवळ येऊन स्वतःचा स्फोट करणारा राक्षस) फुटतो. आणि आसपास काहीच दिसत नसताना बेडवर क्लिक केलं की 'जवळ राक्षस आहेत' असा मेसेज येतो. भिंती जाड कराव्यात का?

नको. या तिन्ही तक्रारींत भिंतीच्या जाडीचा दोष जवळजवळ नाही. आतला झोंबी बाहेरून आलेला नाही, तो तुमच्याच घरात जन्मलेला आहे. क्रीपर भिंतीमुळे फुटत नाही, तुम्ही दिसलात म्हणून फुटतो. बेडचा मेसेज बहुधा छतावर किंवा जमिनीखाली कोणीतरी आहे म्हणून येतो. घर बांधताना आधी उजेड, मग छत, मग दार आणि शेवटी भिंत असा विचार करा. बहुतेक जण नेमका उलटा करतात.

आधी उजेड, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. १.१८ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. तोपर्यंत उजेडाची पातळी ७ किंवा त्याहून कमी असली की मॉब (खेळातले राक्षस) स्पॉन होत, म्हणजे आपोआप जन्मत. १.१८ पासून ओव्हरवर्ल्डमध्ये (खेळाच्या मुख्य जगात) त्यासाठी ब्लॉकचा उजेड, म्हणजे आकाशाचा नव्हे तर टॉर्चसारख्या वस्तूंचा, पूर्ण शून्य लागतो. म्हणजे जुन्या व्हिडिओंत टॉर्च (मशाली) जेवढ्या दाट लावायला सांगतात तेवढ्या आता लागत नाहीत. पण एकही ब्लॉक शून्यावर राहिला तर तो एक ब्लॉक पुरतो.

टॉर्चच्या स्वतःच्या जागी उजेड १४ असतो आणि प्रत्येक ब्लॉकमागे १ ने उतरतो. अंतर सरळ रेषेत मोजायचं नाही, पटावर सोंगटी चालवल्यासारखं आडवं आणि उभं मोजायचं. टॉर्चपासून ५ ब्लॉक पूर्वेला आणि ५ उत्तरेला असलेल्या कोपऱ्यात १४ मधून १० जाऊन ४ उरतात. आता २० बाय २० चा मोठा हॉल घ्या. मधोमध एकच टॉर्च ठेवली तर कोपरा साधारण १०+१० पायऱ्यांवर पडतो, म्हणजे काळोख. त्याच हॉलमध्ये चार टॉर्च, प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही दिशांनी ५ ब्लॉक आत ठेवल्या, तर कोपऱ्यात ४ पातळी मिळते आणि विषय संपतो. सपाट मोकळ्या जमिनीवर चौकटीत टॉर्च लावायच्या असतील तर दोन टॉर्चमध्ये १२ ब्लॉक रिकामे सोडले तरी चालतं. पण जमीन कधी इतकी सपाट नसते, म्हणून १० धरा. लँटर्न आणि कॅम्पफायर १५ पातळी देतात. रेडस्टोन टॉर्च फक्त ७ देते, तिला शोभेचीच वस्तू समजा.

आता दुसरा नियम, जो कळला की आतल्या झोंबीचं कोडं सुटतं. तुमच्यापासून २४ ब्लॉकच्या आत मॉब स्पॉन होत नाहीत. त्यापलीकडे, जावा आवृत्तीत (कॉम्प्युटरवरच्या) १२८ ब्लॉकपर्यंत, होतात. बेडरॉकमध्ये (मोबाइल आणि कन्सोलवरही चालणाऱ्या आवृत्तीत) वरची मर्यादा सिम्युलेशन डिस्टन्सच्या, म्हणजे तुमच्याभोवती किती अंतरापर्यंत खेळ चालू राहतो त्या सेटिंगप्रमाणे कमी होते. म्हणून तुम्ही घरात असताना घर शांत असतं. तुम्ही खाणीत उतरून ३० ब्लॉक लांब गेलात की तेच घर, तोच अंधारा कोपरा, स्पॉनसाठी खुला होतो. परत येताना जो भेटतो तो तुमच्या गैरहजेरीतला.

५ बाय ५ च्या खोलीत मधोमध एक टॉर्च असली तर कोपऱ्यात १० पातळी असते. मग अंधार येतो कुठून? जिन्याखालून. माळ्यावरून. भिंत घालून वेगळ्या केलेल्या कोठारातून, कारण उजेड दगडातून जात नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा, घरातूनच खाणीकडे खोदलेल्या बोगद्यातून. बोगदा म्हणजे घराचीच खोली असते. एकतर तो सगळा उजळा किंवा घराच्या टोकाला तिथे दार बसवा. जावामध्ये एफ३ दाबून संशयित ब्लॉकवर उभे राहा आणि उजेडाच्या ओळीतला 'ब्लॉक' हा आकडा बघा. 'स्काय' (आकाशाचा उजेड) हा वेगळा आकडा आहे. दुपारी तो १५ दिसला म्हणून रात्री काही उपयोग नाही.

एक अपवाद दलदलीचा. स्लाइमला (उड्या मारणाऱ्या जेलीसारख्या राक्षसाला) शून्य उजेड लागत नाही. दलदलीत ५१ ते ६९ उंचीच्या पट्ट्यात तो ७ पातळीपर्यंत स्पॉन होतो. पहिलं घर दलदलीत नको.

आता पहिल्या दिवसाचा हिशोब. खेळातला पूर्ण दिवस २० मिनिटांचा. त्यात १० मिनिटं उजेड, दीड मिनिट सूर्यास्त, ७ मिनिटं रात्र, दीड मिनिट पहाट. नवं जग पहाटे सुरू होतं. आकाश निरभ्र असेल तर १० मिनिटं २७ सेकंदांनी बेडवर झोपता येतं. उघड्यावर मॉब स्पॉन व्हायला सुरुवात होते ती साधारण ११ व्या मिनिटाला. मधलं अर्धं मिनिट सोन्याचं आहे. बेड तयार असेल तर त्या फटीत झोपा, रात्र दिसणारच नाही.

लाकूड किती? एक ओंडका म्हणजे ४ फळ्या, २ फळ्या म्हणजे ४ काठ्या. क्राफ्टिंग टेबलला (वस्तू बनवायच्या टेबलाला) ४ फळ्या, लाकडी पिकॅक्सला (कुदळीला) ३, दोन पिकॅक्सच्या दांड्यांना २, दारांना ६ (तीन दारं मिळतात), बेडला ३, चेस्टला (सामानाच्या पेटीला) ८, टॉर्चच्या आठ काठ्यांना ४. बेरीज ३०, म्हणजे ८ ओंडके. जवळ कोळसा दिसत नसेल तर ५ ओंडके जास्त घ्या. चार फर्नेसमध्ये (भट्टीत) भाजायचे, पाचव्याच्या फळ्या जळण म्हणून. एक फळी दीड वस्तू भाजते, म्हणून तीन फळ्यांत चार ओंडक्यांचा लाकडी कोळसा होतो. प्रत्येकाला १० सेकंद, एकूण ४० सेकंद. एका कोळशात आणि एका काठीत ४ टॉर्च, म्हणजे १६ टॉर्च. पहिल्या रात्रीला एवढ्या पुरतात. ओकची तीन झाडं तोडली की १३ ओंडके साधारण होतात.

बेडसाठी एकाच रंगाची ३ लोकर हवी. मेंढी मारली तर एक मिळते, कात्रीने कातरली तर एक ते तीन, पण कात्रीला लोखंड लागतं आणि पहिल्या दिवशी ते नसतं. म्हणून झाडं तोडत असतानाच मेंढ्यांवर नजर ठेवा. पांढऱ्या दोन आणि काळी एक असा मेळ बसत नाही.

दगड मोजायला आधी नकाशा ठरवा. आतून ५ बाय ५, बाहेरून ७ बाय ७. एका थराला २४ ब्लॉक लागतात. भिंत दोनच थरांची ठेवा: ४८, त्यातून दाराचे २ वजा, ४६. छत स्लॅबचं (अर्ध्या उंचीच्या ब्लॉकचं) आणि ९ बाय ९, म्हणजे चारही बाजूंनी भिंतीच्या बाहेर एक ब्लॉक पुढे. लागणारे स्लॅब ८१. तीन कोबलस्टोनमध्ये (खोदून निघालेल्या दगडात) ६ स्लॅब होतात, म्हणून १४ वेळा क्राफ्ट करायचं: ४२ कोबल, ८४ स्लॅब, तीन शिल्लक. फर्नेसला ८, दगडी पिकॅक्सला ३. एकूण ९९. लाकडी पिकॅक्सने फक्त पहिले तीन दगड काढा, कारण ती एका दगडाला सव्वा सेकंदाच्या जवळपास घेते. दगडी पिकॅक्स ०.६ सेकंद घेते आणि १३१ ब्लॉक टिकते, म्हणजे या घराला एकच पुरते. नुसत्या हाताने दगड फोडला तर तो फुटतो, पण हाती काही पडत नाही.

दोन थरांची भिंत आणि नऊ बाय नऊचं छत, हे दोन्ही आकडे मुद्दाम आहेत.

दोन थर अशासाठी की एंडरमन (क्षणात जागा बदलणारा राक्षस) २.९ ब्लॉक उंच असतो. आत तीन ब्लॉक उंची ठेवली तर तो टेलिपोर्ट होऊन थेट घरात येऊ शकतो. दोनच ठेवली तर त्याला उभं राहायला जागाच नाही. उडी मारताना डोकं छताला आपटतं, पण पहिल्या आठवड्यात कोणाला उड्या मारायच्या आहेत? मोठं, देखणं घर नंतर बांधा, तेव्हा उंची वाढवा.

छत पुढे काढायचं ते कोळ्यासाठी. आपल्याकडच्या घरांना पावसासाठी वळचण असते, इथे कोळ्यासाठी हवी. कोळी उभ्या भिंतीवर सहज चढतो, पण भिंतीबाहेर आलेल्या एका ब्लॉकच्या वळचणीखाली तो अडकतो, कारण त्याला उलटं लटकून पुढे सरकता येत नाही. छतावर बसलेला कोळी भिंत फोडत नाही, मग एवढी काळजी का? बेडमुळे. बेडपासून आडवं ८ आणि उभं ५ ब्लॉकच्या आत एकही राक्षस असला की झोप नाही. दोन ब्लॉक उंचीच्या घरात छतावरचा कोळी त्या पट्ट्यात बरोबर येतो. तुम्ही खिडकीतून चारही दिशा बघता, काही दिसत नाही, कारण तो डोक्यावर असतो. वळचण केली पण घराला लागून झाड किंवा टेकडीचा उतार असेल तर उपयोग नाही, तो तिथून छतावर उडी मारतो. छताच्या कडेपासून तीन ब्लॉकपर्यंत झाडं साफ करा.

छताला पूर्ण ब्लॉक वापरले तर छतच अंधारं मैदान बनतं आणि त्यावर क्रीपरसुद्धा स्पॉन होतो. स्लॅब खालच्या अर्ध्यात बसवला तर त्याच्या पाठीवर काहीच स्पॉन होत नाही. तोच स्लॅब वरच्या अर्ध्यात बसला तर मात्र होतं. बसवताना लक्ष द्या: भिंतीच्या वरच्या पृष्ठावर क्लिक केलं की स्लॅब खालच्या अर्ध्यात बसतो. पुढचा स्लॅब आधीच्या स्लॅबच्या कडेवर क्लिक करून जोडत जा, तोही खालीच बसेल. पूर्ण ब्लॉकच्या बाजूवर वरच्या अर्ध्यात क्लिक झालं तर तो वर बसतो आणि छतात पायरी दिसते. ती पायरी दिसली की लगेच काढा. या खेळात स्लॅब हवेत लटकतो, खालून आधार लागत नाही, फक्त शेजारी काहीतरी हवं. वळचणीची ओळ जोडताना छतावर उभं राहून स्नीक (वाकून हळू चालण्याचं बटण) दाबून ठेवा, कडेवरून पडणार नाही.

वाळू आणि खडी छताला किंवा भिंतीला कधी नको. आधार गेला की दोन्ही खाली पडतात. मातीची भिंत पहिल्या रात्रीपुरती चालते, पण एंडरमन माती आणि गवताचे ब्लॉक उचलून नेतो. दगड आणि फळ्या तो उचलत नाही.

क्रीपरचं गणित. तीन ब्लॉकवर आला की वात पेटते, दीड सेकंदात फुटतो. मध्ये भिंत आली आणि तुम्ही दिसेनासे झालात, किंवा सात ब्लॉकपलीकडे गेलात, तर वात विझते. म्हणून बंद घराबाहेर तो तासभर उभा राहिला तरी आपसूक फुटत नाही. तो फुटतो तुम्ही दार उघडता तेव्हा. झोंबी आणि स्केलेटन (बाण मारणारे सांगाडे) उन्हात जळून जातात, क्रीपर जळत नाही. सकाळी दाराशी जो उरतो तो तोच.

फुटलाच तर काय उडेल? स्फोटाला तोंड देण्याची ताकद कोबलस्टोनची ६, फळ्यांची ३, ओंडक्याची २, मातीची ०.५, काचेची ०.३. भिंतीला अगदी लागून फुटला तर कोबलचाही पहिला थर जातो, दुसरा सहसा राहतो. फळ्यांच्या घरात भगदाड मोठं पडतं आणि आतला चेस्ट गेला तर त्यातलं सामान जमिनीवर पसरतं. चेस्ट दाराशेजारी ठेवू नका, समोरच्या भिंतीला ठेवा. जाड भिंतीचा फायदा एवढाच. तेवढ्यासाठी आणखी दगड खर्च करण्यापेक्षा दाराचा विचार करा.

दारासमोर कुंपण घाला. कुंपणाची उंची खेळाच्या दृष्टीने दीड ब्लॉक आहे, त्यावरून ना मॉब उडी मारू शकतात ना तुम्ही. १३ बाय १३ ची चौकट घराभोवती घेतली तर परिघ ४८. एक फाटक सोडून ४७ कुंपणं. चार फळ्या आणि दोन काठ्यांत तीन कुंपणं होतात, म्हणजे १६ वेळा क्राफ्ट: ८० फळ्या, २० ओंडके. हे दुसऱ्या दिवसाचं काम. फाटक नको असेल तर कुंपणाच्या एका खांबावर लोकरीचा कार्पेट टाका. त्यावर तुम्ही उडी मारून चढता, मॉबला तो मार्ग दिसत नाही. कोळी मात्र कुंपण चढून येईल, त्याला वळचणच थोपवते. अंगणाच्या आत टॉर्च लावायला विसरू नका, नाहीतर कुंपण बाहेरच्यांना थांबवेल आणि आतल्यांना कोंडून ठेवेल.

मांजर पाळली तर क्रीपर तिच्यापासून सहा ब्लॉक लांब राहतो. कच्चा कॉड किंवा सॅल्मन देऊन ती माणसाळते. पुढे ती चेस्टवर बसते, तो उघडत नाही, आणि तुम्ही तिला उठवत बसता. सौदा तरीही चांगला आहे.

लाकडी दार झोंबी ठोकतात, पण फोडतात ते फक्त हार्ड पातळीवर, तेही सगळे नाहीत. इझी किंवा नॉर्मलवर खेळत असाल तर लोखंडी दाराची घाई नको. हार्डवर सहा लोखंडी विटांत तीन लोखंडी दारं होतात. ती हाताने उघडत नाहीत, बटण किंवा लिव्हर लागतं. इथे एक चूक फार होते: बाहेरच्या बाजूला प्रेशर प्लेट (पाय पडला की दार उघडणारी पट्टी) ठेवतात. प्लेटवर झोंबी उभा राहिला की दार त्याच्यासाठीही उघडतं. आत प्लेट चालेल, बाहेर बटणच. तेही दगडी, कारण लाकडी बटण बाण लागूनही दाबलं जातं आणि स्केलेटनला ते चुकून का होईना जमतं. दगडी बटणाला कोबल चालत नाही, कोबल एकदा भाजून मिळणारा साधा दगड (स्टोन) लागतो.

बेड ठेवल्यावर त्याच्या बाजूला उभं राहायला निदान एक मोकळा ब्लॉक सोडा. चारही बाजूंनी चेस्ट, फर्नेस आणि भिंत भिडवली तर मेल्यावर बेड 'अडवलेला' समजला जातो आणि तुम्ही जगाच्या मूळ स्पॉनवर, कदाचित हजार ब्लॉक लांब, उभे राहता. वरचा उभा ५ ब्लॉकचा नियम खालीही लागू आहे. बेडखाली गुहा असेल आणि त्यात झोंबी फिरत असेल तरी झोप नाही. जावामध्ये सबटायटल चालू करा, आवाज कोणत्या बाजूने येतो त्याचा बाण दिसतो. आवाज येतोय पण आसपास आणि छतावर कोणी नाही, म्हणजे तो खाली आहे. मग बेड दुसऱ्या भिंतीला हलवण्यापेक्षा फरशी खोदून ती गुहा उजळलेली बरी. झोप टाळत राहिलात तर तीन दिवसांनी, म्हणजे खऱ्या एका तासाने, फँटम (उडणारे राक्षस) येऊ लागतात. छताखाली असाल तर ते तुमच्यासाठी येत नाहीत.

अंधार पडला आणि यातलं काहीच तयार नसेल, तर घराचा नाद सोडा. पायाखाली तीन ब्लॉक खोल खोदा, डोक्यावर, जमिनीच्या पातळीत, बाजूला टेकवून मातीचा एक ब्लॉक लावा. दोन ब्लॉक तुमच्या अंगाला, तिसरा झाकणाला. दोनच खोदलेत तर झाकण जमिनीवर येतं आणि ते टेकवायला बाजू मिळत नाही. तीनच्या खाली सरळ उभं खोदत जाऊ नका, खाली गुहा किंवा लाव्हा असू शकतो. आडवं खोदा, दगड लागला की तिथेच उद्याच्या घराचे ९९ जमा करा. मातीचा खांब करून वर चढण्याचा सल्ला खूप ठिकाणी दिसतो, पण स्केलेटन तुम्हाला तिथे निवांत टिपतो आणि कोळी चढून येतो.

टेकडीचा कडा जवळ असेल तर बांधण्यापेक्षा खोदणं स्वस्त. पोखरलेल्या खोलीला फक्त समोरची भिंत आणि दार लागतं आणि खोदताना निघालेला दगड वरखर्चाला मिळतो.

घर झालं की बाहेर पडण्याआधी कोऑर्डिनेट लिहून ठेवा. जावामध्ये एफ३, बेडरॉकमध्ये 'शो कोऑर्डिनेट्स' ही सेटिंग. होकायंत्र घर दाखवत नाही, जगाचा मूळ स्पॉन दाखवतं. एक्स आणि झेड हे दोन आकडे मोबाइलच्या नोट्समध्ये टाकले तरी पुरे.